पिंपाचे अंतरंग

वऱ्हाडात लोखंडी पिंपाला निवृत्तीचे वय नाही. सरकारी नोकर अठ्ठावन्नाव्या वर्षी गळ्यात हार घालून घरी येतो, बैल थकला म्हणजे दावणीला उभा राहतो, एसटीची मोटारदेखील केव्हातरी आगाराच्या मागच्या अंगणात कायमची विसावते. परंतु डांबर भरून बुलढाणा-चिखली रस्त्यावर एकदा आलेले पिंप, डांबर संपले म्हणून बेकार झाले, असे या जिल्ह्यात कोणी पाहिलेले नाही. त्याचा पत्रा उभा चिरून व ठोकून सपाट केला म्हणजे न्हाणीचे दार होते. तसेच काही पत्रे एकाला एक जोडले म्हणजे गोठ्यावर छप्पर होते. आडवे निजवून मधोमध कापले म्हणजे गुरांना पाणी पाजण्यास एकाच्या जागी दोन भांडी मिळतात. न कापता उभे ठेवले तर त्यात तूर, ज्वारी किंवा सरकी, ज्याच्या घरी जे पिकले असेल ते मावते. आणि चुन्याचे व गेरूचे पट्टे ओढून रस्त्याच्या मध्यभागी मांडले म्हणजे ते विनापरीक्षा पोलीस खात्यात रुजू होऊन, राजूर घाट चढून आलेल्या भल्याभल्या मोटारींस अडवून जाबजबाब घेण्यास साहाय्य करते. लग्नात ते मांडवामागे असते आणि दहाव्याला नदीकाठी असते. या सर्व स्थित्यंतरांत एक नियम मात्र अबाधित राहतो, तो असा की पिंपात काही ना काही घालावयाचे असते. पिंपाच्या पोटातून, आणि तेही त्याला जन्मतः मिळालेले असे काही, खरवडून बाहेर काढावे, हा विचार आमच्या मुलखात कोणाला सुचल्याची दप्तरी नोंद नाही.

या वस्तूचा मूळ पुरुष कोण याचा शोध करू लागलो तर मूळ पुरुष सापडत नाही, मूळ स्त्री सापडते. नेली ब्लाय या टोपणनावाने लिहिणारी एलिझाबेथ कॉक्रन ही अमेरिकन वार्ताहर बाई, जूल व्हर्नच्या नायकाने ऐंशी दिवसांत केलेली पृथ्वीप्रदक्षिणा आपण त्याहून लवकर करून दाखवू अशा ईर्षेने १८८९ च्या नोव्हेंबरात घराबाहेर पडली आणि ७२ दिवसांत परत आली. वाटेत ती कोलंबोस राहिली, परंतु हिंदुस्थानात उतरली नाही. पुढे तिने एका वृद्ध कारखानदाराशी विवाह केला, १९०४ साली तो निवर्तला, आणि दुधाच्या बरण्या करणाऱ्या त्याच्या लोखंडी कारखान्याचा कारभार बाईंच्या हाती आला. तेथेच न गळणारे पोलादी पिंप सिद्ध झाले व २६ डिसेंबर १९०५ रोजी त्याचे पेटंट मिळाले. पेटंट कारखान्यातील हेन्री वेअरहान नामक इसमाच्या नावे, हक्क बाईंच्या नावे, आणि कल्पना माझीच हा दावाही बाईंचाच. कसणारा एक, कब्जेदार दुसरा आणि पीकपाहणीला तिसरे नाव, या प्रकारात मुरलेल्या आमच्या वऱ्हाडी वाचकास यात नवल वाटण्याचे कारण नाही. दोनशे लिटरांच्या आसपास द्रव मावावा, उंची पुरुषाच्या कमरेच्या जरा खाली यावी, आणि भरलेले पिंपदेखील कुशीवर पाडून एका मनुष्यास लोटत नेता यावे, हे त्याचे गुण तेव्हापासून आजतागायत फारसे बदललेले नाहीत.

बदलले ते अंतरंग. उघडे पोलाद पाण्यास, आम्लास किंवा रसास लागले की गंजते किंवा त्या मालाची चव बिघडविते, म्हणून कारखान्यात पिंपाच्या आतल्या अंगास इपॉक्सी आणि फिनॉलिक रेझिनांचे कागदाहून पातळ अस्तर फवारून ते दोनशे अंश सेल्सिअसच्या सुमारास भाजून पक्के करतात. काहींत ते तांबूस असते, काहींत सोनेरी. मालाने पत्र्यास शिवू नये आणि पत्र्याने मालास, एवढाच त्याचा उद्देश. आणि तो उद्देश ते इतक्या निष्ठेने पाळते की पुढे त्याला सेवामुक्त करावयाचे म्हटले तर साम, दाम आणि भेद हे तिन्ही उपाय व्यर्थ जाऊन केवळ दंड उरतो.

हा दंड करण्याचे मनात आणणारा मनुष्य म्हणजे आमचा भाचा. तो टेक्सास प्रांतात संगणकाचा उद्योग करतो. परंतु तेथील रीतीप्रमाणे त्याचे खरे चित्त शनिवारी-रविवारी परसातील धुरात रमते. उभ्या पिंपाच्या बुडाशी हवेसाठी भोके पाडावी, आत जाळीच्या टोपलीत लोणारी कोळसा पेटवून त्यावर लाकडाचे चार तुकडे धुमसत ठेवावे, वर हातभर अंतरावर जाळी बसवून तीवर खाद्यपदार्थ मांडावा, झाकण लावावे, आणि ११० ते १३५ अंशांच्या मंद आचेवर व धुरावर तो सकाळपासून सूर्यास्तापर्यंत सोडून द्यावा, असा तो विधी आहे. तिकडे या विधीत ज्या प्राण्याच्या छातीचे मांस मुख्य मानतात, त्या प्राण्याची पूजा आमच्या घरी पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी भरवून होते, ही गोष्ट भाचा पूर्णपणे विसरला होता असे नाही; तो कोंबडीवर तडजोड करण्यास राजी होता. परंतु त्याची मामी माळकरी. तिने निकाल दिला, "पिंप आण, धूर कर, वांगे भाज, कणीस भाज, झाडावेलीचे काय भाजायचे ते भाज. पण ज्याला आई असते असे काही या वाड्यात भाजायचे नाही." या निकालावर अपील नव्हते. एवंच, ज्या वऱ्हाडात शेताच्या बांधावर कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून पाव तासात वांग्याचे भरीत होते, त्या वऱ्हाडात वांगी भाजण्यासाठी टेक्सासची यंत्रसामग्री उभी करण्याचा संकल्प सुटला.

पिंप आणावयास खामगावला जावे लागले. बुलढाण्यात आता निळ्या प्लास्टिकच्या पिंपांचे राज्य आहे, आणि लोखंडी पिंप ज्याच्या दारी असेल तो ते मृत्युपत्राशिवाय देत नाही. खामगाव म्हणजे व्यापाराचे गाव. कापसासाठी जलंबपासून आठ मैलांचा स्वतंत्र लोहमार्ग ज्या गावाला १८७० सालीच मिळाला आणि तो उघडण्यास लॉर्ड मेयोसारखा व्हाइसरॉय आला, त्या गावातील भंगाराच्या दुकानातही एक प्रकारची खानदानी असते. दुकानदाराने आम्हांस पिंपे दाखविली नाहीत, सादर केली. भाच्याने एकेकाची उलटतपासणी आरंभिली. कीटकनाशकाचे पिंप त्याने दुरूनच बाद केले. ते कितीही धुतले, जाळले, घासले तरी अन्नाच्या कामाचे नाही, याविषयी दुमत असू नये. जस्ताचा मुलामा दिलेले चकचकीत पिंप दुकानदाराने मोठ्या आशेने पुढे केले, तेही नाकारले गेले, कारण जस्त ४२० अंशांच्या आतच वितळते आणि फार तापले की त्याचा पांढरा धूर निघून मनुष्यास हिवतापासारखा ताप भरतो. वेल्डिंग करणारे कारागीर तो ताप चांगला ओळखतात व त्यावर दूध पितात. दुधाने तो उतरतो की आपोआप, हा प्रश्न त्यांनी दुधाच्या बाजूने कायमचा निकालात काढलेला आहे.

शेवटी एक पिंप पसंत पडले. त्यावर पूर्वी मिठाईच्या कारखान्यात जाणारे द्रवरूप ग्लुकोज भरल्याची चिठ्ठी होती. भाच्याने दुकानदारास विचारले, "हे खरे कशावरून?" दुकानदाराने काही न बोलता पिंप तिरपे केले. तळाच्या सांध्याशी मुंग्यांची मोठी वसाहत नांदत होती. कोणत्याही प्रयोगशाळेने दिलेला दाखला एवढा सही-शिक्क्यानिशी नसतो. झाकण सुटे, त्यास आवळावयाची कडी शाबूत, कोठे ठोकर नाही, आणि आत सोनेरी अस्तर मोबाइलच्या उजेडात असे लखलखत होते की सौदा होताच दुकानदारास आपण स्वस्तात दिल्याचा भास झाला.

खरी अडचण पिंप घरी आल्यावर निर्माण झाली. आमच्या शेजारी कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. कोणतीही वस्तू आवारात आली की ती आवक रजिस्टरावर चढविल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. ते आले, त्यांनी पिंपात खांद्यापर्यंत डोके घातले, आणि आतून, आवाज घुमून द्विगुणित झालेला असा त्यांचा शेरा ऐकू आला, "याला तर आतून कल्हई आहे!"

या एका वाक्याने प्रकरणाचे स्वरूप पालटले. आमच्या पिढीने बालपणी पितळी भांडी घेऊन कल्हईवाल्याच्या भात्यापुढे रांग धरलेली आहे. नवसागराचा तो नाकात झोंबणारा धूर, कथिलाचा एक ओढा आणि कापसाच्या बोळ्याचा एक फेरा एवढ्यात पिवळ्या पातेल्याचे अंतरंग चांदीचे होताना पाहण्याचे सुख आम्ही भोगलेले आहे. आतून कल्हई असणे हे भांड्याचे कुलीनपण, ती उडणे ही नामुष्की, आणि ती उडाल्यावर त्याच भांड्यात ताक ठेवणारी सून म्हणजे खानदानाचा अंत, असे आमचे नीतिशास्त्र. कल्हई लावून घेण्यासाठी पैसे द्यावयाचे असतात. येथे हा तरुण लावलेली, शाबूत आणि सोनेरी कल्हई पदरचे पैसे खर्चून काढून टाकणार होता.

त्यातून बुलढाणा हे गाव अजिंठ्याच्या डोंगराच्या माथ्यावर. पैनगंगा येथे उगमापाशीच असल्यामुळे तिच्या बालवयाचा विचार करावा लागतो. येळगावच्या धरणातून नळाला पाणी येते, पण ते कोणत्या तिथीस येईल याचा उल्लेख पंचांगात नसतो. म्हणून घरोघरी साठवण. ज्याच्या अंगणात पिंपे अधिक त्याच्या मुलाला मुलगी लवकर मिळते असे म्हणतात, आणि ते सर्वस्वी थट्टेने म्हणतात असे नाही. अव्वल कारकुनांनी डोके बाहेर काढून, चष्मा पुसून, आपली कैफियत मुद्देसूद मांडली. सदर पिंपास घट्ट झाकण आहे. तुम्ही त्यास भोक पाडणार. सदर पिंपाचे बूड गळत नाही. तुम्ही त्याची चाळण करणार. सदर पिंपास आतून न गंजणारे अस्तर आहे. ते तुम्ही जाळणार. "म्हणजे पाण्याच्या दृष्टीने यात जे जे उत्तम आहे ते ते नाहीसे केल्यावर जे शिल्लक राहील, त्याला तुम्ही यंत्र म्हणणार?"

भाच्याने शांतपणे बाजू मांडली. धुरवण्याची आच अस्तर भाजण्याच्या आचेहून कमी असल्यामुळे ते एका झटक्यात जळणार नाही, हे खरे. पण हीच चिंतेची बाब. खाली कोळशाच्या टोपलीजवळ आच पुष्कळ अधिक असते, तेथे ते थोडेथोडे करपत राहील, त्याची वाफ आणि पापुद्रे वरच्या वांग्यांत मिसळतील, आणि त्या रेझिनांत बिस्फिनॉल, फिनॉल अशी जी द्रव्ये असतात ती पोटात जाण्याजोगी नव्हेत. तेव्हा एकदाच, अन्न जवळ नसताना, उघड्या माळावर, प्रचंड जाळ करून ते समूळ भस्म करावयाचे आणि मग स्वच्छ लोखंडावर संसार मांडावयाचा. युक्तिवाद निर्दोष होता. परंतु बुलढाण्यात निर्दोष युक्तिवादाने प्रकरण निकाली निघत नाही. त्याने साक्षीदार वाढतात.

साक्षीदार वाढले. एकाने तेजाब ओतण्यास सांगितले. परंतु तेजाबाच्या वाहतुकीसाठीच ज्याच्या जातीचे अस्तर घडविलेले आहे त्याच्यावर तेजाब ओतणे म्हणजे मुरलेल्या वकिलाला नोटीस पाठविणे होय. दुसऱ्याने रंग उतरविण्याचा तयार मलम सुचविला; तो भिंतीच्या आणि दाराच्या रंगास लागू पडतो, भट्टीत भाजलेल्या रेझिनास फारसा नाही, आणि सांध्यांत अडकून राहिला तर अस्तराहून वाईट. तिसऱ्याने खामगावच्या औद्योगिक वसाहतीत वाळूच्या फवाऱ्याने साफ करून घ्या म्हणून सांगितले. तो उपाय शास्त्रशुद्ध खरा, पण त्या खर्चात दुसरे पिंप आले असते, आणि त्याला पुन्हा अस्तर असते.

चौथे साक्षीदार लोणारकडचे. त्यांचे म्हणणे असे की, लोणारच्या खाराने काय निघत नाही? या म्हणण्यास इतिहासाचा आधार होता. लोणारच्या सरोवराचे पाणी इतके खारट व क्षारयुक्त आहे की तेथे काच आणि साबण यांस लागणारी द्रव्ये मिळतात हे अबुल फजलाने ऐन-ए-अकबरीत लिहून ठेवले; पुढे पिढ्यान्‌पिढ्या लोक त्या काठचा खार काढून विकत आले, आणि त्याच्या निरनिराळ्या प्रतींना निरनिराळी नावे होती. तथापि आकाशातून पडलेल्या पाषाणाने बेसाल्टच्या खडकात केलेला तो खळगा आता अभयारण्य आहे, २०२० च्या नोव्हेंबरपासून रामसर यादीत आहे, आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात त्याचे पाणी गुलाबी झाल्यापासून तर देशोदेशींच्या शास्त्रज्ञांचा त्यावर डोळा आहे. अशा स्थितीत आम्ही पिंप घासण्यासाठी खार नेताना आढळलो असतो तर कोणत्या कलमाखाली नव्हे, एवढाच प्रश्न उरला असता. शिवाय त्या सौम्य खारास हे अस्तर बधणारे नव्हते. साक्षीदारांनी हे मान्य केले नाही. त्यांनी फक्त मुदत मागितली.

अखेर वेल्डिंगचे उस्ताद आले. बुडाला हवेची भोके पाडल्याशिवाय आत मोठा जाळ टिकणार नव्हता, आणि भोके पाडणे हे त्यांचे काम. उस्तादांनी पिंपाकडे पाहिले, झाकण काढलेले पाहिले, मुंग्यांचा दाखलाही पाहिला, आणि म्हणाले, "भाई, पानी भरे बिगर मैं हात नहीं लगाता." भाच्याने समजाविले की पिंप उघडे आहे, त्यात साखरेचा पाक होता, स्फोटाचे भय बंद पिंपाचे आणि तेही तेलाचा, पेट्रोलचा किंवा रसायनाचा वास आत कोंडलेला असताना. "खुला हो या बंद, पिंप पिंप होता है," उस्तादांनी सांगितले. या धंद्यात रिकाम्या म्हणून समजलेल्या पिंपाला गॅसची ज्योत लावून प्राणास मुकलेल्या कारागिरांच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. उस्ताद त्या घराघरांतून ऐकत आलेले. त्यांच्या नियमास अपवाद नव्हता आणि नसावाही. ज्यांना लोखंड कापावयाचे असेल त्यांनी उस्तादांचे ऐकावे, भाच्याचे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु पिंपभर पाणी! त्या आठवड्यात नळाने दर्शन दिलेले नव्हते. मामीने साठवणीतले पाणी घागरीघागरीने पिंपात ओतले, तेव्हा तिच्या मुद्रेवर गंगार्पणाचा भाव होता. रात्रभर पिंप काठोकाठ भरून अंगणात उभे राहिले आणि त्यातून एक टिपूसही गळला नाही, हे अव्वल कारकुनांनी कंदील घेऊन मध्यरात्री येऊन स्वतः पाहिले. सकाळी पाणी काढून घेतले ते तुळशीला, कढीपत्त्याला आणि धुण्याला गेले. "एक रात्र का होईना, पिंपाने आपला धर्म पाळला," असे कारकून म्हणाले, आणि उस्तादांनी बुडाला पहिले भोक पाडले तेव्हा ते उठून घरात गेले.

अग्निकार्य साडूंच्या शेतात, धाडच्या रस्त्याला, असे ठरले. माघाचे दिवस. कापसाची वेचणी संपलेली. गुलाबी बोंडअळीच्या भयाने फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवू नका, असा कृषी खात्याचा सल्ला. त्यामुळे उपटलेल्या पऱ्हाट्यांचा डोंगर बांधावर पडलेला आणि साडू तो कोणी फुकट जाळील तर उपकार मानण्याच्या मनःस्थितीत. पऱ्हाटी हे जळण मोठे तडफदार आहे. पेटते झटकन, आच देते भट्टीची. भाच्याने पिंप दगडांवर चढविले, आत पऱ्हाट्या उभ्या खुपसल्या, वारा पाठीशी घेतला, तोंडाला मुखपट्टी, हातात कातडी मोजे आणि डोळ्यांना चष्मा लावला, आणि काडी ओढली.

प्रथम पिवळा, मग दाट काळा धूर निघाला आणि त्याबरोबर जळत्या प्लास्टिकचा व औषधालयाचा मिळून एक उग्र दर्प. सोनेरी अस्तर तांबूस झाले, काळे झाले, फुगले, त्याचे पापुद्रे सुटून जाळात नाचू लागले. बाहेरचा निळा रंगही भाजून गळू लागला. पऱ्हाट्यांची भर पडत गेली तसा पिंपाचा मधला भाग काळसर लाल दिसू लागला, म्हणजे पत्रा पाचशे अंशांच्या पुढे गेला असला पाहिजे. आणि त्या उष्णतेपुढे ते निष्ठावंत अस्तर राखेचे पांढुरके पीठ होऊन उडू लागले. शास्त्रदृष्ट्या सर्व यथासांग चालले होते.

व्यत्यय आला तो समाजशास्त्राच्या दिशेने. आमच्या भागात, आणि पलीकडे मलकापूरपासून खानदेशापर्यंत, थंडीच्या दिवसांत शेतातून पऱ्हाट्यांचा धूर वर गेला तर त्याचा अर्थ एकच: भरीत. हिरवी, गलेलठ्ठ वांगी त्या जाळात भाजतात, साल ओढून काढतात, हिरवी मिरची, लसूण आणि कांद्याच्या पातीबरोबर ठेचतात, वरून शेंगदाणे, आणि सोबत कळण्याची भाकरी. त्यासाठी छापील निमंत्रण लागत नाही; धूर हेच निमंत्रण. पहिला शेजारी बांधावरून डोकावून म्हणाला, "वांगे भाजून राह्यले काय हो?" दुसरा न विचारता आला. तिसऱ्याने उपरण्यात वांगी बांधूनच आणली. बघता बघता धुऱ्याच्या कडेला पंगत बसावी असा जमाव झाला, आणि त्यांच्यापुढे मुखपट्टी लावलेला, हातमोजे घातलेला एक इसम दोन्ही हात वर करून सांगू लागला की दूर व्हा, हा धूर विषारी आहे.

जमाव काही क्षण स्तब्ध राहिला. मग सर्वांत वडील गृहस्थ म्हणाले, "विषारी हाय तं लावला कायले?"

भाच्याने पिंपाचे अंतरंग, रेझिन, अस्तराचे भस्म आणि भावी योजना यांचा तपशील दिला. "म्हंजे पिंप भाजून राह्यले," त्या गृहस्थांनी त्याचा सारांश काढला, "आन् वांगे?" "ते पुढच्या आठवड्यात." हे उत्तर ऐकून जी शांतता पसरली तिच्यात दोन संस्कृतींमधील अंतर मोजता आले असते. अव्वल कारकून तोपर्यंत येऊन पोहोचले होते, त्यांनी घटनास्थळाचा पंचनामा करण्याच्या आवाजात विचारले, "जाळ आहे, वांगी आहेत, पंच आहेत. हरकत कशाची?" हरकत त्या एका धुराची होती. तेव्हा वाऱ्याच्या वरच्या अंगाला, चांगल्या शंभर पावलांवर, तुराट्यांची दुसरी आगटी पेटली. तिला पिंप नव्हते, झाकण नव्हते, आचेचा आकडा कोणी मोजला नाही. पिंप थंड होण्यापूर्वी वांगी भाजून, ठेचून आणि खाऊन झाली. भाच्यानेही मुखपट्टी काढून दोन भाकरी खाल्ल्या, आणि तिसरी मागितली.

दुसऱ्या दिवशी तारेच्या ब्रशाने घासून, पुसून पिंप राखाडी, नग्न आणि निर्मळ लोखंडाचे झाले. अशा लोखंडाला गंज चढण्यास दवाची एक रात्र पुरते. म्हणून त्याच संध्याकाळी भाच्याने आतून जवसाच्या तेलाचा हात फिरवून कोळशाची आच दिली. तेल कडक होऊन काळसर, गुळगुळीत थर धरला. पुन्हा तेल, पुन्हा आच. मामी ओट्यावर बसून हे पाहत होती. ती म्हणाली, "एक अस्तर काढलंस आणि दुसरं लावलंस की रे." हे रसायनशास्त्र अचूक होते. तापलेल्या तेलाचे रेणू एकमेकांत गुंतून जो थर बनतो तोही एक प्रकारचे रेझिनच. तिच्या लोखंडी तव्यावर तो तिच्या सासूच्या काळापासून साचत आलेला आहे आणि तो कोणी घासून काढू नये म्हणून मोलकरणीस तवा दिला जात नाही. फरक एवढाच की हे अस्तर खाण्याच्या तेलाचे, आणि ते जाळून काढण्याचा सल्ला अद्याप कोणी दिलेला नाही.

यथावकाश यंत्र सुरू झाले. वांग्यांविषयी फार लिहीत नाही. त्या मंद आचेवर साल करपत नाही आणि करपल्यावाचून सुटत नाही. चार तासांनी जे बाहेर आले त्यास धुराचा वास उत्तम होता आणि रूप जोड्याच्या चामड्याचे. पनीर बरे झाले. लाल मिरच्या आणि लसणाचे गड्डे मात्र असे झाले की त्यांची चटणी मागावयास उस्तादांनी मुलाला डबी देऊन पाठविले. आणि खरा चमत्कार रोडग्यांचा. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या जगऱ्यात पुरून मारुतीच्या पारावर आम्ही जे रोडगे पिढ्यान्‌पिढ्या खात आलो त्यांनाही हीच मंद, धीराची आच हवी असते. पिंपातून ते बाहेर आले तेव्हा कोठे राख नाही, कोठे कच्चे नाही, फोडल्यावर तूप आतपर्यंत जाते आणि बाभळीच्या कोळशाचा पुसट वास वर येतो. अव्वल कारकुनांनी वांग्याच्या भाजीबरोबर ते किती खाल्ले याचा आकडा त्यांच्याच विनंतीवरून गोपनीय ठेवला आहे. टेक्सासच्या विद्येला वऱ्हाडात ज्या पदावर नेमता येईल असे मला वाटते ते हेच एक पद, आणि ते कायम स्वरूपाचे.

फाल्गुनात भाचा परत गेला. पिंप अंगणात राहिले. चैत्र लागला, नळाचे दर्शन आणखी दुर्मिळ झाले, आणि एके दिवशी मामीने उस्तादांना बोलावून विचारले की बुडाची भोके बुजवून मिळतील काय. उस्तादांनी पिंप उलटे केले, भोकांवर अंगठा फिरविला, मग सुलटे करून आत डोकावून बराच वेळ पाहिले.

"भोक तो बंद हो जाएंगे, भाभी," ते म्हणाले. "लेकिन अंदर से खाली लोहा है, उप्पर से तेल का काला. पानी भरोगे तो सड़ेगा." मामीने उपाय विचारला. उस्तादांनी खिशातून पेन्सिल काढून झाकणावर हिशेब मांडला: अंदर से घिसाई, मग इपॉक्सीचे दोन हात, सोनेरी हवा असेल तर सोनेरी, रंगाचे पैसे वेगळे.